उजवा वर म्हणजे चल

खोक्यातले प्लास्टिकचे सैनिक नुसते उभे राहत नाहीत, ही माझी पहिली तक्रार. एक जण बंदूक रोखून धावत असतो, दुसरा गुडघा टेकून नेम धरत असतो, तिसरा हातबॉम्ब फेकायच्या बेतात. जो उठतो तो हल्ला करतो. अरे, लढाईत कोणाला कधी कंटाळा येतो की नाही? पाठ खाजते की नाही? मला एकच माणूस हवा होता. उंच, काटकुळा, ट्रकच्या मागे उभा, एक हात वर, तळवा उघडा. एवढं साधं मागणं, आणि त्यासाठी मी अख्खं शहर पालथं घातलं.

मी केस कापते. स्वतःचं दुकान आहे, समोर दोन मोठे आरसे, त्यांच्यापुढे दोन खुर्च्या. दुकान बंद केलं की घरी येऊन छोटी मॉडेलं करते. बोटाएवढी माणसं, वीतभर गाड्या, पडक्या भिंती, चिखल. सगळं खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचं. हा नाद मला कुठून लागला देवाला ठाऊक. बाबांना तो कधीच आवडला नाही. "दिवसभर खरी डोकी, संध्याकाळी खोटी. स्वतःचं डोकं कधी ताळ्यावर आणणार?" असं म्हणायचे. मी लष्करी ट्रक करायला घेतला की पेपर उचलून दुसऱ्या खोलीत जायचे. तरुणपणी ते स्वतः लष्करात ट्रक चालवायचे, लढाईवर जाऊन आले होते, पण त्याबद्दल घरात चकार शब्द नाही. आई होती तोवर तिनेही कधी विचारलं नाही. आता घरात आम्ही दोघंच, आणि मीही विचारत नव्हते.

मग तो फोन आला. मीच उचलला. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, पण खणखणीत. बाबांच्या लष्करातल्या नावाने त्यांना विचारत होती. बाबांनी रिसीव्हर कानाला लावला, आणि "हो", "हो", "मीच तो", "या की" एवढं बोलून ठेवून दिला. मग माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुझ्या त्या खेळण्यांत पूल करता येईल का?"

"खेळणी नाहीत ती."

"बरं, नाहीत. पूल करता येईल का?"

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. चेहरा असा पडला होता त्यांचा की मी खुर्ची पुढे सरकवली. तेव्हा पहिल्यांदा मला बांबू कळला.

बांबू म्हणजे बाबांचा ट्रकवरचा जोडीदार. उंच, म्हणून बांबू. बाबा चालवायचे, तो मागे उतरून वाट दाखवायचा. "ट्रक मागे घे, पुढे काढ, सगळं त्याच्या हातावर," बाबा म्हणाले. "इंजिनाच्या आवाजात ओरडून ऐकू येत नाही. उजवा वर म्हणजे चल. डावा वर म्हणजे थांब. झोपेतसुद्धा चुकायचं नाही ते."

"मग?"

"मग काय. माघार सुरू होती. आमचा ट्रक सगळ्यात शेवटी. पुलाच्या तोंडाशी चाक चिखलात रुतलं. बांबू उतरला, चाकाखाली फळी घातली. तेवढ्यात तोफा सुरू झाल्या. मी मागे बघितलं. धूरच धूर. त्यात तो उभा होता, एक हात वर. मी ट्रक काढला, पूल पार केला, आणि मागे पूल उडाला."

"कुठला हात वर होता?"

"तेच तर," बाबा म्हणाले.

फोनवरची बाई बांबूची धाकटी बहीण होती. कुठून कुठून चौकशी करत तिने बाबांचा पत्ता काढला होता. पुढच्या महिन्यात येणार होती. तिला आपला भाऊ कसा गेला ते ऐकायचं होतं, आणि ते सांगू शकेल असा जगात एकच माणूस उरला होता.

"मला चित्र दिसतं," बाबांनी डोळे मिटले आणि हवेत डावीकडे बोट ठेवलं. "हात इथे होता. या बाजूला. पण तो त्याचा उजवा की डावा, इथेच डोकं फिरतं. कधी वाटतं हा, कधी वाटतं तो. इतकी वर्षं हेच चाललंय. त्याने थांब म्हटलं असेल आणि मी निघून गेलो असेन, तर त्या बाईला काय तोंड दाखवू मी?"

अहो, एवढंच ना! मला तर हसूच आलं. मी त्यांच्या समोर उभी राहिले आणि उजवा हात वर केला. "कुठल्या बाजूला दिसतो?"

त्यांनी डोळे किलकिले केले. "डावीकडे. या बाजूला."

"झालं तर! समोरच्याचा हात तुम्हाला डावीकडे दिसला म्हणजे तो त्याचा उजवा. उजवा म्हणजे चल. बांबूकाकांनी तुम्हाला जा म्हटलं, तुम्ही गेलात. उगीच जिवाला घोर लावून घेतलात."

बाबा माझ्या हाताकडे बघत राहिले. "एवढं सोपं होतं?" म्हणाले. मग मान हलवली. "नुसतं तोंडाने नको. करून दाखव. पूल, ट्रक, चिखल, बांबू. समोर ठेव माझ्या, हलणार नाही असं. डोळ्यांना पटू दे."

म्हणून मी त्या एका माणसाच्या मागे लागले. पूल झटपट झाला, ट्रक तर माझ्याकडे अर्धा जोडलेला पडून होताच. बांबू मिळेना. गावभरची दुकानं झाली. शेवटी मी पसाऱ्याकडे गेले. पसारा म्हणजे जुन्या खोक्यांचा दुकानदार. त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि वस्तू मागितली की तो आधी उसासा टाकतो.

"एक हात वर केलेला माणूस?" तो म्हणाला. "फेकणारा आहे. दुर्बीणवाला आहे. बोट दाखवून हुकूम सोडणारा साहेब आहे."

"बोट नको, तळवा हवा. आणि साहेब तर मुळीच नको."

त्याने शिडीवर चढून धूळ उडवली, दोन-तीन खोकी पाडली, मला शिंका आणल्या. मग खाली उतरून म्हणाला, "ताई, मी हात वर केले."

"तुमचे नकोत हो, सैनिकाचे हवेत!"

तो थांबला. डोळे मोठे करून माझ्याकडे बघायला लागला. "शरण आलेले चालतील?"

झाकण फाटलेल्या खोक्यात शरण आलेल्या शत्रूचा एक गट होता. दोन्ही हात वर, तळवे उघडे, तोंडं उतरलेली. गणवेश परका, टोप्या परक्या, पण हात मात्र अगदी हवे तसे. मी खोकं छातीशी धरलं आणि पसाऱ्याला जवळजवळ मिठीच मारणार होते. नशीब त्याचं, मध्ये खोकी होती.

पुढचे दिवस मी आणि बाबा, दोघांनी एकमेकांचा जीव खाल्ला. बांबू एका सैनिकातून होणारच नव्हता. धड घेतलं एका स्वयंपाक्याचं, कारण तोच काय तो सरळ उभा होता. त्याच्या हातातला वाढायचा डाव करवतीने कापला. पाय रणगाड्यावरच्या माणसाचे. मांडीतून कापून मध्ये प्लास्टिकची चकती घातली, कारण बाबांचं टुमणं एकच, "उंची कमी पडते." डोकं चार वेळा बदललं. हेल्मेट घातलं तर म्हणाले, त्याच्या मापाचं हेल्मेट फौजेत नव्हतंच, टोपी घाल. टोपी घातली तर म्हणाले, कान दिसले पाहिजेत, मोठे होते. मी पुट्टी मळून सुईच्या टोकाने कान केले. डोळ्याला लावलेलं भिंग काढून बघते तर बाबा खांद्यावरून वाकून बघतायत, त्यांचा श्वास माझ्या मानेवर.

"बाबा, तिकडे बसा! हात हलला माझा."

"हललाच तर काय, कान ना तो? त्याचे तसेच होते, वेडेवाकडे."

शेवटी हात. शरण आलेल्या एका माणसाचा उजवा हात खांद्यातून कापला, बारीक भोक पाडून तार बसवली, आणि तो स्वयंपाक्याच्या खांद्याला जोडला. बाहीच्या सुरकुत्या पुट्टीने भरल्या. खाकी रंग दिला, वरून चिखल. उरलेला डावा हात ड्रॉवरमध्ये टाकला, असू दे म्हणून. बांबूला पुलाच्या तोंडाशी ट्रकच्या मागे रोवलं आणि मॉडेलखालची फळी समोर वळवून बाबांना हाक मारली.

ते खुर्चीत बसले. खाली वाकून हनुवटी टेबलाला टेकवली आणि बांबूकडे समोरासमोर बघितलं. हात डावीकडे. बोट हवेत त्याच बाजूला ठेवून बघितलं. मग म्हणाले, "हा बांबू."

त्या दिवसापासून घरातलं वारंच बदललं. बाबा शीळ वाजवायला लागले. मी त्यांना शीळ वाजवताना जन्मात ऐकलं नव्हतं, आणि बेसूर किती! स्वतःहून माझ्या दुकानात येऊन केस कापून घेतले. बहिणीला स्वतः फोन करून सांगितलं, या लवकर, तुम्हाला दाखवायचं आहे. आंघोळीला गेले की आतून आवाज यायचा, पाठांतर केल्यासारखा: "त्याने मला जा म्हटलं हो, ताई. स्वतः मागे राहिला आणि मला जा म्हटलं." मला आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता. पण कुठेतरी काहीतरी खटकत होतं. एका जागी बसवेना. जेवताना उठून टेबलापाशी जायची, ट्रककडे बघायची, परत यायची. काय राहिलंय तेच कळेना.

"पेट्या राहिल्यात," बाबा म्हणाले. "ट्रक रिकामा कसा? मागे छपरापर्यंत पेट्या होत्या. आणि आरसा. ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा लाव. आरशाशिवाय ट्रक म्हणजे काय?"

पेट्या मी दुसऱ्या दिवशी सकाळी लावल्या. काड्या जोडून केलेल्या, छपरापर्यंत, एकीवर एक. दुकान उघडायला उशीर झाला आणि पहिलं गिऱ्हाईक दारातच ताटकळत होतं. शेजारच्या गल्लीतली शिवणवाली, बोलायला लागली की थांबत नाही. तिला खुर्चीत बसवलं, मागे उभी राहिले, कापायला लागले.

"इकडचे जास्त घ्या," तिने समोरच्या आरशात बोट दाखवलं.

मी कात्री त्या बाजूला नेली. रोजचंच. दिवसातून वीस वेळा असं आरशात बघून कापते, हाताला आपोआप कळतं. पण त्या दिवशी माझी कात्री मध्येच थांबली. आरशात शिवणवाली बसली होती, तिच्या मागे मी उभी. आणि डोळ्यांसमोर एकदम त्या पेट्या आल्या. छपरापर्यंत. ड्रायव्हरच्या पाठीमागे काचही नाही. मग बाबांनी मागे बघितलं कुठून?

"मागे बघितलं." अगं बाई गं! मला गाडी शिकवायला निघाले होते तेव्हा याच शब्दावरून किती बोलणी खाल्ली होती मी. "मागे बघ" म्हटलं की मी मान वळवायची, आणि ते कपाळावर हात मारायचे. "मान कशाला वळवतेस? मागे बघ म्हणजे आरशात बघ!" चिडून मी शिकणंच सोडून दिलं होतं. ड्रायव्हर मागे बघतो तो मान वळवून नाही. आणि मी, आरशात बघून पोट भरणारी बाई, हे विसरले.

मी कंगव्याचा डावा हात वर केला. "तुम्हाला माझा हा हात कुठल्या बाजूला दिसतो?"

"काय झालं? उवा आहेत का?"

"नाही हो. आरशात बघा आणि सांगा."

"या बाजूला," शिवणवालीने डावीकडे बोट दाखवलं.

मी हात खाली घेतला. मागे उभ्या माणसाचा हात आरशात डावीकडे दिसला, तर तो त्याचा डावाच असतो. बांबूचा डावा हात वर होता. डावा म्हणजे थांब.

शिवणवालीचे केस कसे कापले मला ठाऊक नाही. दिवसभर दुकानात जिकडे बघावं तिकडे आरसे, आणि प्रत्येकात मी. वाटलं, झाकून टाकावेत मेले. काय गरज होती मला शहाणपणा करायची? "झालं तर" म्हणे! बाबा शीळ वाजवतायत, बहीण परवा येणार, आणि मला आता हे कळलं. मी रस्त्यातच ठरवून टाकलं की बोलायचं नाही. आरसा लावायचाच नाही. विषय संपला.

घरी गेले तर बाबा टेबलापाशीच बसलेले.

"आरसा आणलास?"

"नाही मिळाला."

"आरशांच्या दुकानातून आलीस, आणि आरसा मिळाला नाही?"

"एवढा छोटा मिळत नाही, बाबा. नसला तरी चालतो. कोण बघतंय?"

मला खोटं बोलता येत नाही. माझे कान लाल होतात, आई नेहमी म्हणायची. बाबांनी माझ्या कानांकडे बघितलं. मग माझ्या पर्समधून पावडरची डबी काढली, तिचा आरसा नखाने उचकटला, आणि माझ्यासमोर ठेवला. "तोड."

"बाबा, राहू दे ना."

"तोड म्हटलं ना."

मी नखाएवढा तुकडा तोडला. जरा मोठाच झाला, मापात नव्हता. डिंकाने दारापाशी चिकटवला. दोनदा पडला. बाबांनी ट्रकच्या केबिनवरचं सुटं टप उचलून बाजूला ठेवलं, वाकले, एक डोळा मिटला, आणि दुसरा ड्रायव्हरच्या जागी नेला. आरसा बोटाने जरासा फिरवला. मला कळलं त्यांना बांबू कधी दिसला ते, कारण बोट थांबलं.

त्या आरशात हात उजवीकडे होता. चुकीच्या बाजूला.

ते सरळ झाले, परत वाकले, परत बघितलं. शेवटी खुर्चीला टेकले. मी रडायला लागले होते. "मला दुकानात कळलं," म्हटलं. "मी सांगणार नव्हते."

"बदल," बाबा म्हणाले.

"कशाला? धूर होता. तुम्ही पोरसवदा होतात. इतक्या वर्षांनी काय खात्री? आणि तिला कोण सांगणार आहे? ती बिचारी समाधानाने जाईल, तुम्ही समाधानाने राहाल. कोणाचं काय बिघडलं?"

"मला दिसलं ना आता."

"मग बघू नका!"

मी ओरडलेच. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी ड्रॉवर उघडला, बोटांनी चाचपत तो उरलेला डावा हात शोधला, आणि तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरला. शरण आलेल्या माणसाचा हात, तांदळाएवढ्या तळव्याचा.

"मी हात वर करणार नाही," ते म्हणाले. "तू याचा कर."

मी बांबूचा उजवा हात कापून काढला. खांद्यापासून, करवतीने, बाहीच्या सगळ्या सुरकुत्यांसकट. डावा बसवला. बाबा शेजारी बसून होते, आणि त्यांनी एकदाही सांगितलं नाही की उंची कमी पडते.

ती रविवारी आली. दार उघडलं आणि मी आधी वरच बघितलं, एवढी उंच. म्हातारपणाने वाकली होती तरी चौकटीखालून येताना तिने सवयीने मान खाली घातली. मी "या आत्या" म्हटलं, कारण बाबांनी तसंच सांगितलं होतं. चहाचं आधण ठेवून बाहेर येते तर बाबा खोलीच्या मध्यभागी उभे. तिला बसाही म्हटलं नव्हतं.

"ताई, त्याने मला थांब म्हटलं होतं," ते म्हणाले. "हात करून थांब म्हटलं. मी थांबलो नाही. मी पळालो."

आंघोळीत पाठ केलेलं सगळं गेलं, आणि एवढंच राहिलं. आत्याने पर्समधून चष्मा काढला, पुसला, आणि टेबलाकडे गेली. पूल बघितला, ट्रक बघितला. मग बांबूपाशी बोट नेलं, पण लावलं नाही.

"हा दादा?"

"हो. आम्ही बांबू म्हणायचो."

"घरी शिडी म्हणायचे," ती म्हणाली. "कान बरोबर जमलेत." आणि मग तिचं बोट त्या वर केलेल्या हाताशी थांबलं. "हा डावा आहे."

"हो. डावा म्हणजे थांब," बाबांचा आवाज बसला होता. "उजवा वर म्हणजे चल. आमचा नियमच होता."

"अहो, पण तो डावखुरा होता!"

आधण उकळून वर येत होतं, मला ऐकू येत होतं. मी हलले नाही.

"आईने किती मार दिला त्याला," आत्या म्हणाली. "जेवताना त्याचा डावा हात फडक्याने खुर्चीला बांधायची. मग शिकला उजव्याने करायला. चार लोकांत सगळं उजव्याने. पण घाई झाली, घाबरला, की डावाच हात पुढे यायचा. दचकला तरी डावा. मला हाक मारायचा तो पण डावा हात हलवून. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही," बाबा म्हणाले. त्यांनी टेबलाची कड धरली. "आम्हाला कधी... त्याने सांगितलंच नाही. म्हणजे मग... मग तो काय म्हणत होता? थांब की जा?"

आत्याने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. माझ्या दुकानात बायका आरशात स्वतःचा पहिला पांढरा केस बघतात, तसं काहीसं.

"ते थांबून विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

मला वाटलं बाबा आता कोसळणार. मी पुढे झाले. पण त्यांनी नुसती मान हलवली, एकदा, मग पुन्हा. "हो," म्हणाले. "हो. हवं होतं." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला हे किती तऱ्हांनी विचारलं असेल, पण दुसऱ्या कोणी त्यांना ते म्हटलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

आत्यानेच खुर्ची ओढली आणि त्यांना दंडाला धरून बसवलं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. चहा उतू गेला होता, शेगडीभर. उरला तेवढा दोन कपांत ओतून आणला. तो कोणी प्यायला नाही.

"तुम्ही त्याला बघितलंत कुठून?" तिने विचारलं.

बाबांनी आरशाकडे बोट केलं. मी टप काढून दिलं आणि सांगितलं, इथे डोळा आणा, एक मिटा. एवढी उंच बाई, तिला वाकायला किती वेळ लागला! एक हात टेबलावर टेकून, दुसरा गुडघ्यावर ठेवून ती हळूहळू खाली गेली, बाबांच्या जागी. बाबा उठले आणि तिचा तोल जाऊ नये म्हणून तिच्या मागे उभे राहिले.

तिचं डोकं जरा इकडे हललं, जरा तिकडे. आरसा सापडत नव्हता. मग सापडला.

"दिसतोय का?" बाबांनी मागून विचारलं.

"दिसतोय," आत्या म्हणाली. ती उठली नाही. "लांब आहे. पण दिसतोय."